ॲडजस्ट जोरवाल्यानं करायचं

अन्यायाविरुद्ध मी बरीच पत्रकं लिहिली, वाटली, भिंतींवर चिकटवली आणि कुणी फाडली की पुन्हा चिकटवली. पण अन्याय नेमका कुठं सुरू होतो हे मला ज्या माणसानं दाखवलं, तो व्होल्टेज स्टॅबिलायझर विकायचा आणि रविवारी दुपारी जे. पी. नगरातल्या आपल्या जेवणाच्या टेबलावर जादूचे मंत्र दुरुस्त करायचा.

हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहून टाकलं. आमच्या संघटनेतल्या एकाला हे तोंडी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, जादूबिदू नको, लोकांचा गैरसमज होईल." होऊ दे. हे पत्रक नाही. आणि त्या माणसाविषयी लिहायचं तर जादू टाळता येत नाही.

नाव लिहीत नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणते. आमच्या घरांत, म्हणजे शहाजीराजांच्या काळात इकडे कानडी मुलखात आलेल्या आणि मग इथलीच होऊन गेलेल्या मराठी घरांत, अण्णा हे नाव नसतं, ती घरातली जागा असते. त्यांच्या थोरल्या बहिणीला तसंच सगळे अक्का म्हणत. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. दोघंही एकटी होती. म्हणजे दोघं मिळून एकटी होती.

अण्णा गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट घालत आणि खाली लुंगी. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात तिथं त्यांचा टेस्टर असे. वीज आहे की नाही ते दाखवणारा, आत बारीक दिवा असलेला स्क्रूड्रायव्हर. शंका आली की तो टेस्टर ते कशालाही टेकवत. निवडणुकीतल्या उमेदवाराच्या पोस्टरला टेकवत, लग्नपत्रिकेला टेकवत, बँकेच्या कॅलेंडरला टेकवत. दिवा अर्थातच लागत नसे. मग गंभीरपणे मान हलवून म्हणत, "लाइन नाही यात."

माझी त्यांची ओळखही टेस्टरनंच झाली. बसमधल्या बायकांच्या जागांवर पुरुष बसतात त्याविरुद्ध आम्ही पत्रक काढलं होतं. ते त्यांच्या दुकानाच्या शटरला चिकटवू का, असं विचारायला मी गेले. इतर दुकानदार पत्रक हातात घ्यायचे, 'सरी, सरी' म्हणायचे आणि त्यात वडे गुंडाळायचे. अण्णांनी ते उभ्याउभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग टेस्टर टेकवला.

"लाइन आहे यात," ते म्हणाले. "पण फ्यूज नाही."

"म्हणजे?"

"सगळं 'हवं' म्हणून लिहिलंस गे. सगळं मिळालं म्हण. मग तुझ्याकडे जोर येणार. जोर आला की तो कुठं तुटणार ते लिहिलेलं नाही. जिथं फ्यूज नाही तिथं घर जळतं."

मी भांडायच्याच तयारीनं गेले होते, त्यामुळे अर्धा तास भांडले. शेवटी म्हणाले, "रविवारी दुपारी घरी ये. तुझ्यासारखं एक माणूस कमी पडतंय." पत्रक मात्र शटरवर स्वतः चिकटवलं, चारी कोपऱ्यांना खळ लावून.

*

खेळ काय ते सांगते, कारण तेव्हा आमच्या गावात तो कुणाला ठाऊक नव्हता. एक जण गोष्ट चालवतो. "पुढं दरी आहे, पलीकडे किल्ला, दारावर राक्षस. काय करता?" बाकीचे गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि सांगतात, मी हे करतो, मी ते करतो. जमलं की फसलं ते नशिबावर. परदेशात त्यासाठी नाना कोनांचे फासे मिळतात म्हणे; आमच्याकडे हाउजीच्या खेळातले आकडे होते, अक्कांनी शिवलेल्या खणाच्या पिशवीत. मोठा आकडा निघाला तर जमलं, लहान निघाला तर फसलं. यात कुणी जिंकत नाही. गोष्ट पुढं जाते, एवढंच.

अण्णांना खेळाचं पुस्तक ॲव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर सापडलं होतं. इंग्रजी, कव्हर नसलेलं. जादूचं प्रकरण वाळवीनं खाल्लेलं. शेवटची यादी तेवढी उरली होती, म्हणजे मंत्रांची नावं होती आणि मंत्र नव्हते. दुसऱ्या कुणी पुस्तक परत टाकून दिलं असतं. अण्णांनी सगळे मंत्र स्वतः बनवले.

आणि बनवताना त्यांना एक गोष्ट कळली, जी (मी नंतर ऐकलं) जगभर हा खेळ खेळणाऱ्यांना छळते. तलवारवाला तलवारीच्या लांबीइतकंच करू शकतो. जादूवाल्याला एक मंत्र जरा जास्त जोराचा मिळाला की मग इतरांनी टेबलावर यायचंच कशाला? तो बोलणार, सगळं होणार, बाकीचे बघणार. हे वाचून तुम्हाला दुसरं काही आठवलं असेल तर मी जबाबदार नाही.

तेव्हा प्रत्येक मंत्राला फ्यूज हवा. आणि फ्यूज कागदावर बसून सापडत नाही, असं अण्णांचं ठाम मत. मंत्र आधी घरात चालवून बघायचा.

अदृश्य होण्याचा मंत्र त्यांनी असा तपासला. सकाळी उठून अक्कांना सांगितलं, "आज मी दिसत नाही." अक्का टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. सूचना जशीच्या तशी पाळायची सवय. त्यांनी ताट एकच वाढलं आणि जेवून घेतलं. अण्णा समोर बसून होते. दुपारी कॉफी एकच पेला. पाहुणे आले, अण्णांच्या खुर्चीत बसायला निघाले, अक्कांनी बसू दिलं. संध्याकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अक्का, भूक."

अक्का इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "कोण बोललं?"

तेव्हापासून आमच्या खेळात नियम झाला. अदृश्य माणसाला कुणी मारू शकत नाही, पण वाढूही शकत नाही, आणि जखमी झाला तर पट्टी बांधू शकत नाही. अण्णा आनंदानं सांगत, "मंत्राचा जोर एक कणही कमी केला नाही हं मी. त्याला फ्यूज त्याच्या पोटातच होता."

उडण्याचा मंत्र तपासायला ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून वाऱ्यात उभे राहिले होते. खाली गल्लीतली माणसं जमली. एक ऑटोवाला ओरडला, "यजमान्रे, काय झालं?" खाली उतरल्यावर निर्णय आला: उडणाऱ्याचे दोन्ही हात लुंगी धरण्यात गुंतलेले असतात. म्हणून आमच्या गोष्टीत उडता उडता कुणाला तलवार चालवता आली नाही. तुम्ही हसाल. मीही हसले. पण त्या टाकीवर पन्नाशीचा एक दुकानदार एका गोष्टीतल्या तलवारवाल्यावर अन्याय होऊ नये म्हणून उभा होता, हे नंतर घरी जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात शिरलं आणि मी माझा स्टॉप चुकवला.

आयुधपूजेला दुकानातल्या प्रत्येक स्टॅबिलायझरला कुंकू लागे, तसं आकड्यांच्या पिशवीलाही लागे. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, हा सगळ्यांचाच रिवाज. अण्णा तो गोष्टीतही पाळत. त्या दिवशी खेळलोच तर तलवार नाही, मंत्र नाही. राक्षसाशी बोलून बघायचं. मी गोष्टीत दवंडीवाली होते. आधी तलवार मिळाली होती, ती देऊन मी ढोल मागून घेतला होता. आयुधपूजेचा दिवस सगळा माझा असे.

*

आता अक्कांविषयी, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

पहिल्यांदा खेळाला एक माणूस कमी पडलं म्हणून अण्णांनी त्यांना हाक मारली. हाताला पीठ होतं, तशाच येऊन खुर्चीच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, "दोन मिनिटं बसते." त्या टेबलाभोवती त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण वाढायला. पाहुण्यांसमोर त्या तिथं कधी बसल्या नव्हत्या. अण्णांनी त्यांना भाला दिला. भालदारीण. दरवाजावर पहाऱ्याला उभी.

दोन मिनिटांसाठी आलेल्या अक्का संध्याकाळी दिवे लागेपर्यंत उठल्या नाहीत.

आणि काय खेळायच्या! राक्षस समोर आला की आम्ही ओरडायचो. अक्का आधी विचारणार, "खालची जमीन ओली की कोरडी?" मग, "त्याचा भार कुठल्या पायावर?" सगळं ऐकून घेऊन, एक्स्चेंजमधल्या त्या थंड आवाजात: "मी भाला खाली टेकवून धरते. त्याला येऊ दे." राक्षस येऊन स्वतःच भाल्यावर पडायचा. अण्णा कौतुकानं टेबलावर थाप मारत. पुढच्या रविवारी बघितलं तर टेबलाच्या एका बाजूला अक्कांची स्वतःची खुर्ची होती, वर त्यांनी स्वतः शिवलेली उशी. स्वयंपाक त्या दिवशी सकाळीच उरकलेला.

मी त्यावर पत्रक लिहिलं नाही, पण लिहायला हवं होतं. एका बाईला तिच्याच घरात खुर्ची मिळाली, अशी बातमी कुठल्या पेपरात येते?

मग पुणेकर आला.

त्याचंही नाव लिहीत नाही. आम्ही त्याला पुणेकरच म्हणायचो आणि तो रागवायचा नाही. महादेवपुऱ्याकडं नवी काचेची ऑफिसं उगवत होती, त्यातल्या एकात कॉम्प्युटरवर काम करायचा. भाड्याच्या खोलीत एकटा. आमची मराठी ऐकून त्याला भारी गंमत वाटे. "मॅडम, तुम्ही 'थोडं' म्हणत नाही? 'स्वल्प' म्हणता? आणि हे 'सरी' काय, सॉरी का?"

"सरी म्हणजे बरं, ठीक," मी म्हटलं. "आणि मी मॅडम नाही."

"ओके मॅडम."

माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याकडं पुस्तक होतं. तेच, नवं कोरं, वाळवी न लागलेलं. भावानं अमेरिकेहून पाठवलेलं. अण्णांनी ते हातात घेतलं तेव्हा देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसं दोन्ही हातांनी घेतलं. आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "पुस्तकात आहे ते सगळं चालेल. माझा शब्द."

पुणेकर जादूगार झाला. पहिले काही रविवार मजेत गेले. मग त्याचा जादूगार मोठा झाला आणि त्यानं पुस्तकातला शेवटचा, सगळ्यात जोराचा मंत्र घेतला. काळ थांबवायचा. मंत्र म्हटला की सगळं जग जागच्या जागी गोठणार. राक्षस, सैन्य, वारा आणि आम्हीसुद्धा. हलणार एकटा जादूगार. त्याला हवं ते तो करणार, मग काळ पुन्हा चालू.

"राक्षस दिसतो," अण्णा म्हणायचे.

"मी टाइम थांबवतो," पुणेकर म्हणायचा.

पुढचा अर्धा तास तोच बोलायचा. मी राक्षसाच्या मागं जातो, मी दोर बांधतो, मी चारी बाजूंनी आग लावतो. काळ सुरू झाला की राक्षस राख. अक्कांनी एकदा विचारलं, "खालची जमीन ओली की—"

"अक्का, तुम्ही फ्रीझ आहात," पुणेकर म्हणाला. अगदी अदबीनं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अक्का थोडा वेळ बसल्या. मग उठल्या. "मी दगड म्हणून सांगता, मग दगडानं इथं सुम्ने, उगाच, कशाला बसायचं? डाळ तरी बघते."

"अक्का, बसा ना," पुणेकर म्हणाला.

"माझं काय रे. मी स्वल्प ॲडजस्ट करते."

त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले तर अक्का आत होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर, उशीवर, पुणेकराचं हेल्मेट ठेवलेलं होतं.

*

'ॲडजस्ट' या शब्दाचा मला संताप आहे. आमच्या गावाचा हा लाडका शब्द. 'स्वल्प ॲडजस्ट माडी', थोडं सांभाळून घ्या. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, ॲडजस्ट. घरमालक सकाळी एकदाच पाणी सोडतो, ॲडजस्ट. सासरी नोकरी सोड म्हणतात, ॲडजस्ट. लोक याला आमच्या गावाचा गोड स्वभाव म्हणतात. मी नीट बघितलंय. हा शब्द नेहमी वरून खाली येतो. मोठी गाडी सायकलवाल्याला म्हणते. सायकलवाला मोठ्या गाडीला म्हणाला तर शिवी मिळते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, खालचं माणूस शेवटी तो शब्द स्वतःच बोलायला लागतं. वरच्याला बोलावाही लागत नाही.

तर मी पत्रक लिहिलं. हो, खेळाविरुद्ध. संघटनेच्या स्टेन्सिलवर टाइप केलं, सायक्लोस्टाइल काढलं. मथळा होता: "एकाच्या हाती काळ, बाकीच्यांनी शिजवायची डाळ!" खाली मागणी: काळ थांबवण्याचा मंत्र तात्काळ रद्द करा. पुस्तक जप्त करा. अक्कांची खुर्ची मोकळी करा.

ते घेऊन मी सुट्टीच्या एका दुपारी अण्णांच्या घरी थडकले. दार उघडंच होतं. अण्णा हॉलमध्ये खुर्चीवर ताठ बसलेले, डोळे घट्ट मिटलेले, टेस्टर छातीशी धरलेला. मला वाटलं, झालं, गेले.

अक्का धुतलेले कपडे घेऊन आल्या. ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "बोलवू नको. तो थांबलाय."

मी भिंतीला टेकून बसले. अक्का कामं करत राहिल्या. कपड्यांच्या घड्या केल्या. पेपर आवरला. कॉफी आणून अण्णांपुढं ठेवली, ती गार झाली, साय धरली, तो पेला नेऊन दुसरा आणला. खिडकीचं दार करकरत होतं त्यात कागदाची घडी घातली. खाली पडलेलं अण्णांचं बटण उचललं, सुई-दोरा आणला आणि बसल्या माणसाच्या शर्टाला ते लावून टाकलं. अण्णा हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. समोर बघितलं. पेला, घड्या, खिडकी. मग शर्टावर हात फिरवला आणि बटणावर थांबले.

"हे केव्हा झालं?"

"झालं."

"मी बघितलं नाही."

अक्का सुई-दोरा आवरत म्हणाल्या, "तू कधी बघितलंस?"

चिडून नाही. एक्स्चेंजमधला तोच आवाज, नंबर विचारावा तसा.

मी आजवर मोठमोठ्या सभांत बसले आहे, बायकांच्या कामावरची भाषणं ऐकली आहेत, दिली आहेत. एवढं छोटं भाषण कुठल्या सभेत ऐकलं नाही. अण्णा त्या बटणाकडं बघत राहिले. मग हातातला टेस्टर त्यांनी बटणाला टेकवला. दिवा लागणार नव्हताच. पण या वेळी 'लाइन नाही' असं ते म्हणाले नाहीत.

मी पत्रक पुढं केलं, कारण करायचं दुसरं काही सुचेना. त्यांनी वाचलं. मथळा दोनदा वाचला आणि म्हणाले, "यमक झकास." मग, "बंदी घालू म्हणतेस?"

"हो. तुम्ही गोष्ट चालवता. तुमच्या हातात आहे."

"बंदी सोपी आहे गे. पण एकदा मी दिलेला शब्द मोडून दुसऱ्याचा मंत्र हिसकावला की मग या टेबलावर सगळ्यात मोठा जादूगार कोण?" स्वतःच्या छातीला टेस्टर टेकवला. "आणि मला फ्यूज कोण लावणार?"

याचं उत्तर मला अजूनही पूर्ण आलेलं नाही. पत्रक लिहिताना दर वेळी तिथं अडखळते.

"मग अक्कांनी ॲडजस्ट करायचं?" मी म्हटलं.

"नाही." ते उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. "बाहेर गावात काय चालतं ते चालो. या टेबलावर ॲडजस्ट जोरवाल्यानं करायचं. ज्याच्याकडं जोर नाही त्यानं काय ॲडजस्ट करायचं? त्याच्याकडं आहे काय, द्यायला?"

शब्द तोच. इतकी वर्षं मी तो शब्दच मारायला निघाले होते, आणि या माणसानं तो नुसता उलटा करून धरला, उलटा बसवलेला प्लग काढून सुलटा लावावा तसा.

*

पुढचं लवकर सांगून टाकते. तो खेळ आता नाही. पुणेकर अमेरिकेला भावाकडं गेला. अण्णांनी दुकान भाच्याला दिलं आणि दोघं बहीणभाऊ येलहंक्याला राहायला गेली. तिथं डोक्यावरून हवाई दलाची विमानं जातात. गेल्या वेळी भेटले तेव्हा अण्णा विमानाकडं बघून म्हणाले, "याला लुंगी नाही, म्हणून बाँब टाकता येतो." टेबल बरोबर नेलंय. खुर्च्याही. उशी कुठल्या खुर्चीवर आहे ते मी आत शिरता शिरता बघून घेते.

पण मला लिहायचा होता तो त्या बटणाच्या दुपारनंतरचा रविवार.

अण्णांनी पुणेकराला आधीच सांगितलं, "तुझा मंत्र तसाच राहणार. पुस्तकात आहे तसा. काळ थांबव, हवं ते कर, कुणी अडवणार नाही."

पुणेकर माझ्याकडं बघून हसला. पत्रक त्याच्याही हातात पडलं होतं.

"फक्त," अण्णा म्हणाले, "काळ थांबला की ऐकणारंही कुणी नाही. मग तू बोलतोस कुणाशी? तू मनातल्या मनात कर. आम्ही सगळे डोळे मिटतो. काळ सुरू झाला की काय बदललंय ते थांबलेल्यानं सांगायचं. ज्यानं थांबवलं त्यानं नाही."

"म्हणजे मी आग लावली तर?"

"तर दिसेलच की बघणाऱ्याला."

पुणेकरानं पुस्तकाची पानं उलटली. मंत्रात काय घडतं ते सगळं होतं. ते कुणी सांगायचं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. बघून बघून त्यानं पुस्तक मिटलं. "ओके. फेअर आहे."

"अक्का," अण्णांनी हाक मारली. "ये."

आतून आवाज आला, "हात कणकेचे आहेत."

"डोळ्यांचं काम आहे. हातांचं नाही."

अक्का दारात आल्या. खुर्चीकडं बघितलं. खुर्चीवर हेल्मेट. त्या दारालाच टेकल्या. "मी इथूनच बघते. स्वल्प ॲडजस्ट—"

"अक्का," अण्णा म्हणाले, नुसतंच.

मी उठणार होते. हेल्मेट उचलून खिडकीतून फेकावं असा माझा विचार होता आणि तो काही वाईट विचार नव्हता. पण अण्णांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ते पुणेकराकडं बघत होते. रागानं नाही. लाइन सुरू केल्यावर दिवा लागतो का, ते बघतात तसं.

पुणेकराला थोडा वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. त्यानं हेल्मेट उचललं, खाली ठेवायला जागा शोधली, सापडली नाही तेव्हा स्वतःच्या मांडीवर घेतलं. उशी हातानं झटकली. अक्का येऊन बसल्या.

"पूल आहे," अण्णांनी गोष्ट सुरू केली. "पुलावर राक्षस. एवढा मोठा अजून भेटला नव्हता. काय करता?"

"टाइम थांबवतो," पुणेकर म्हणाला.

आम्ही डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आत कुकर कुरकुरत होता. माझ्या आयुष्यात दुसऱ्यानं थांबवलेल्या वेळात मी एवढी लक्ष देऊन कधी बसले नव्हते.

"झालं," पुणेकर म्हणाला.

"अक्का, सांग," अण्णा म्हणाले.

अक्कांनी डोळे उघडले. घाई केली नाही. आधी पुलाकडं बघितलं असावं, मग पाण्याकडं.

"पूल ओला आहे," त्या म्हणाल्या. "राक्षस पडलाय."

पुणेकरानं समाधानानं मान हलवली.

"आग नाही लागलेली. ओल्या लाकडाला कुठली आग?" त्या टेबलावरच्या रिकाम्या जागेकडं वाकून बघत होत्या, जणू तिथं खरंच काही पडलं होतं. "उताणा पडलाय. छातीला भोक आहे." मग आपला कणकेचा उजवा हात त्यांनी समोर धरला, उलटसुलट करून बघितला.

"आणि माझ्या भाल्याला रक्त आहे."

पुणेकराचं तोंड उघडलं. "पण मी तर—" आणि मिटलं. ज्यानं थांबवलं त्यानं सांगायचं नाही. त्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णा आकड्यांच्या पिशवीची दोरी सोडत बसले होते, जणू जगातलं सगळ्यात अवघड काम तेच.

आता सगळं पुणेकराच्या हातात होतं. तो हरकत घेऊ शकत होता. पुस्तक त्याचं होतं, ते उचलून तो निघूनही जाऊ शकत होता, मग टेबलही गेलं असतं आणि खुर्चीही.

हेल्मेटवर दोन्ही हात ठेवून पुणेकर अक्कांच्या त्या रिकाम्या मुठीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सरी, अक्का."

सॉरी नव्हे. सरी. मी नीट ऐकलंय.

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. अक्का सवयीनं अर्ध्या उठल्या, आणि पुन्हा बसल्या. "कुणीतरी तो बंद करा गे. मला इथं काम आहे."

मी उठायच्या आत पुणेकर उठला होता, हेल्मेट तसंच काखेत घेऊन. स्वयंपाकघरातून त्याचा घाबरलेला आवाज आला. "अक्का! हे बटण कुठल्या बाजूला फिरवायचं?"

अक्कांनी मान वळवली नाही. त्यांचे दोन्ही हात राक्षसाच्या छातीत रुतलेल्या भाल्यावर होते, आणि मी शपथेवर सांगते, तो भाला जड होता. अण्णा खिशातला टेस्टर हातात घेऊन बहिणीकडं बघत होते आणि तो कुठंच टेकवत नव्हते.

"थांब रे स्वल्प," अक्का म्हणाल्या. "भाला काढतेय."